तीन टन भुशाचा हिवाळा

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याची सुमारे ९० टक्के जमीन जंगलाखाली आहे. त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतके नाही. आणि याच राज्यातली निम्म्याहून अधिक घरे हिवाळ्यात खनिज तेल जाळून ऊब मिळवतात. तेलावर इतके विसंबलेले राज्यही त्या देशात दुसरे नाही. मेनमध्ये तेलाची विहीर नाही, शुद्धीकरणाचा कारखाना नाही. तेल येते ते बाहेरून, बरेचसे शेजारच्या कॅनडातल्या सेंट जॉनच्या कारखान्यातून. टँकर दारात उभा राहतो, नळी लावतो, तळघरातली २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून मोठी टाकी भरतो आणि बिल ठेवून जातो. घराच्या मागे पाइन, स्प्रूस आणि मेपल नजर पोचेल तिथवर पसरलेले असतात.

हे तेल २००८च्या उन्हाळ्यात गॅलनला साडेचार डॉलरच्या पुढे गेले. २०१६च्या सुरुवातीला ते दोन डॉलरच्या आसपास उतरले आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२च्या वसंतात, पाच डॉलर ओलांडून गेले. उणे वीस अंशांच्या रात्री घर तापवणे ही तिथे चैन नसते. घर थंड पडले तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि बर्फ वितळला की छतापासून तळघरापर्यंत पाणी होते. त्यामुळे तेल महागले की पेन्शनवर जगणारी माणसे औषधात नाहीतर किराण्यात काटकसर करतात. तेलाची टाकी मात्र रिकामी ठेवता येत नाही. अशा वेळी लोकांची नजर पुन्हा लाकडाकडे वळते. पण ओंडके फोडायचे, रचायचे, वर्षभर वाळवायचे आणि रात्री दोनदा उठून चुलीत सारायचे, हे साठी उलटलेल्या माणसाला झेपत नाही. पेलेट स्टोव्ह नावाची वस्तू नेमकी या जागी येऊन बसली.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली कांडी. जाडी सहा ते आठ मिलिमीटर, लांबी फार तर दीड इंच. आरागिरणीत ओंडक्याच्या फळ्या निघताना जो भुसा आणि छिलके पडतात, त्यातून ती तयार होते. ओल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचेच असते. म्हणून भुसा आधी वाळवतात, दळून एकसारखा करतात आणि मग जाड पोलादी साच्याच्या भोकांतून रोलरखाली रेटतात. दाबाने आणि घर्षणाने तो इतका तापतो की लाकडातले लिग्निन मऊ पडते. झाडाच्या पेशींना मुळातच ताठ धरून ठेवणारे हे द्रव्य. थंड झाल्यावर तेच कांडीला घट्ट बांधून ठेवते, वेगळा डिंक घालावा लागत नाही. साच्यातून बाहेर पडणारी कांडी हाताला सोसवणार नाही इतकी गरम असते. निवल्यावर तिला चकाकी येते. पाण्यात टाकली तर चांगली कांडी बुडते, कारण दाबामुळे ती पाण्याहून जड झालेली असते. ओलावा आठ-दहा टक्क्यांच्या आत, राख एक टक्क्याहून कमी आणि किलोमागे पावणेपाच युनिटच्या आसपास उष्णता. सगळ्या कांड्या सारख्या, सगळ्यांत ओलावा सारखा. इतकी एकसारखी असल्यामुळेच ती यंत्राने मोजून, माणूस जवळ नसताना जाळता येते.

हे सगळे मी जवळून पाहिले ते मेनच्या शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण भागात, माझ्या मावसभावाच्या घरी. दादा आणि वहिनी तिथे कित्येक वर्षे राहतात. १९७०च्या दशकातले लाकडी घर, तळघरात तेलावर चालणारी फर्नेस आणि बैठकीच्या खोलीत भिंतीलगत हा स्टोव्ह. ओतीव लोखंडाची कमरेएवढी पेटी, पुढे काचेचे दार. मागून चार इंची पाइप भिंतीतून थेट बाहेर गेलेला. धूर पंख्याने ढकलला जातो, त्यामुळे उंच धुराडे लागत नाही. वरचे झाकण उघडले की आत हॉपर. दादाने १८ किलोची पिशवी खांद्यावर घेऊन त्यात रिकामी केली. कांड्या सळसळत खाली गेल्या, लाकडाचा गोडसर वास खोलीभर पसरला. मग त्याने बटण दाबले आणि मला म्हणाला, "आता नुसतं बघत बस."

हॉपरच्या तळाशी एक मळसूत्री दांडा आहे, ऑगर. मिनिटाला एखाद-दुसरा फेरा घेत तो चार-सहा कांड्या वर उचलतो आणि त्या घरंगळत एका छिद्राछिद्रांच्या लोखंडी वाटीत पडतात. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्. वाटीच्या मागे विजेवर तापणारी कांब असते. ती लाल झाली की पहिल्या कांड्या धुमसायला लागतात. काचेमागे पांढरा धूर दाटतो आणि पाच-सात मिनिटांनी एकदम भडका उडून धूर नाहीसा होतो. एक पंखा वाटीच्या छिद्रांतून हवा खेचतो, त्यामुळे ज्वाळा आडवी न लोळता ताठ उभी राहते, पिवळी आणि चपळ. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवून पुन्हा खोलीत सोडतो. धूर आणि खोलीतली हवा कुठेही एकत्र येत नाहीत. दार उघडे राहिले, धुराचा पाइप तुंबला किंवा पेटी वाजवीपेक्षा तापली, तर तिथले सेन्सर ऑगर थांबवतात. कांडी पडायची थांबली की वाटीतला विस्तव थोड्या वेळात आपोआप विझतो. लाकडाच्या जुन्या चुलीत एकदा सरपण भरले की आग आपल्या हातात राहत नाही. इथे एका वेळी मूठभर जळण आगीत असते, आणि या यंत्राची सारी सुरक्षितता त्यात आहे.

"लोकांना वाटतं, बटण दाबलं की झालं," दादा म्हणाला. "सकाळी वाटी खरवडली नाही, तर दुपारी हा बंद पडतो." रोज सकाळी तो स्टोव्ह बंद करतो, निवू देतो आणि उलथन्यासारख्या पट्टीने वाटीच्या तळाशी जमलेला काळा खडा काढतो. लाकडाला चिकटून आलेली माती आणि वाळू वितळून हा खडा होतो. त्याने छिद्रे बुजली की हवा कमी पडते, ज्वाळा आळसावते, काच काळी होते. काच पुसायला दादा ओल्या वर्तमानपत्राला तीच राख लावतो. दुसरे कुठलेही रसायन इतके चांगले काम करत नाही, असे त्याचे म्हणणे. आठवड्याला आतली सगळी राख ओढून काढायची, तीही पत्र्याचा डबा आणि बारीक गाळणी असलेल्या खास व्हॅक्यूमने. राखेत निखारा लपलेला असतो. साध्या व्हॅक्यूमच्या कागदी पिशवीत तो गेला तर यंत्रच पेट घेते. ही राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर, पूर्ण निवेपर्यंत राहते. पुढे ती वहिनींच्या वाफ्यात जाते. न्यू इंग्लंडची, म्हणजे देशाच्या या ईशान्य टापूची, माती आंबट. राखेतल्या चुन्याने आणि पोटॅशने ती सुधारते. वहिनी मेथीच्या नि लसणीच्या वाफ्यात हलका हात ठेवून राख घालतात. बटाट्याला घालत नाहीत, कारण अल्कधर्मी मातीत बटाट्यावर खवड्या धरतात.

हंगाम संपला की मोठी साफसफाई. पाने उडवायचा ब्लोअर तिथल्या प्रत्येक गॅरेजमध्ये असतोच. तो उलटा, ओढून घेण्यासाठी, बाहेरच्या पाइपाला जोडायचा, आतल्या भिंतींवर रबरी हातोडीने हलके ठोके मारायचे आणि वर्षभर कानाकोपऱ्यात बसलेली राख करड्या ढगासारखी अंगणात उडू द्यायची. नंतर दाराची पारख. दारात एक डॉलरची नोट धरून दार लावायचे आणि नोट ओढायची. सहज निसटून आली तर तिथली दोरीची गॅस्केट दबली आहे, बदलायला हवी. दादाने चारही बाजूंनी नोट ओढून दाखवली. खालच्या कोपऱ्यात ती निसटली. त्याने कपाटातून नव्या गॅस्केटचे वेटोळे काढले आणि तिथेच बसकण मारली.

या स्टोव्हने सगळे घर सारखे तापत नाही, हे विकत घेणाऱ्याला आधीच कळलेले बरे. बैठकीत २४ अंश असतात तेव्हा टोकाच्या झोपायच्या खोलीत १६ असतात. गरम हवा पलीकडे ढकलायला बहुतेक जण स्टोव्हजवळ पंखा लावतात आणि निराश होतात. दादाने छोटा पंखा थंड खोलीच्या दारात जमिनीवर ठेवला आहे, तोंड स्टोव्हकडे करून. जमिनीलगतची जड, थंड हवा तो बाहेर काढतो. तिची जागा घ्यायला गरम हवा छताखालून आपसूक आत येते. तेलाची फर्नेसही काढलेली नाही. तिचा थर्मोस्टॅट खाली लावून ठेवला आहे, म्हणजे कडाक्याच्या रात्री ती थोडा वेळ चालते आणि तळघरातले पाइप गोठत नाहीत. पूर्वी हिवाळ्यात टाकी कितीदा भरावी लागे आणि आता किती कमी, हे वहिनींनी वहीत मांडून ठेवले आहे. ती वही त्यांनी मला मोठ्या समाधानाने दाखवली.

आणि वीज. धुमसत्या वाटीला हवा देणारा पंखा विजेवर, ऑगर विजेवर, कांब विजेवर. एरवी शंभर वॉटच्या आसपास, पेटताना तीन-चारशे. म्हणजे खर्च किरकोळ; पण वीज गेली की स्टोव्ह थंड. न्यू हॅम्पशायरमध्ये डिसेंबर २००८च्या हिमवादळात फांद्याफांद्यांवर बर्फाचे कवच चढून झाडे तारांवर कोसळली, लाखो घरांची वीज गेली, काही गावांत ती दोन आठवडे आली नाही. ज्यांच्याकडे साधी लाकडाची चूल होती ते त्या दिवसांत उबेत राहिले. दादाने इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवली आहे, तिच्यावर रात्र निघते. दोन आठवडे निघणार नाहीत, हे तो जाणून आहे.

या यंत्राचा जन्म मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, वायव्येच्या लाकूडपट्ट्यातला. भुसा दाबून जाळायची कल्पना तिथे आधीच रुळली होती. आयडाहोतल्या लुइस्टनच्या पॉटलॅच कंपनीत १९३०च्या सुमारास भुशाचे दाबीव ओंडके निघायला लागले, प्रेस्टो-लॉग या नावाने. पुढे १९७३ आणि १९७९च्या तेलटंचाईत लोकांनी घरोघर लाकडाच्या बंद चुली बसवल्या. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यांतल्या गावांत हिवाळी हवा कोंडून राहते. तिथे चुलींचा धूर दिवसेंदिवस हलेना. ऑरेगन राज्याने १९८३ साली चुलींच्या धुरावर मर्यादा घालणारा कायदा केला. देशातला तो पहिला. त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात बोइंगमध्ये काम करणाऱ्या जेरी व्हिटफील्ड या अभियंत्याने घरात ठेवता येईल असा पेलेट स्टोव्ह घडवला आणि आयडाहोत पेलेटचे कारखाने सुरू झाले. १९८८ साली केंद्रीय पर्यावरण संस्थेने नियम केले तेव्हा एक पळवाट राहिली. जळणाच्या ३५ पटीहून जास्त हवा घेणाऱ्या शेगड्यांना नियमातून सूट होती. काही उत्पादकांनी मुद्दाम जास्त हवा घेणारे स्टोव्ह काढले. सूट मिळाली, पण वाजवीपेक्षा जास्त हवा आत घेतली की उष्णता तिच्याबरोबर बाहेर जाते. २०१५च्या नियमांनी ही वाट बंद केली. २०२०पासून नव्या स्टोव्हला तासाला दोन ग्रॅमहून जास्त धूळधूर सोडता येत नाही. जुनी लाकडी चूल त्याच्या दहापट सहज सोडते.

पण स्टोव्ह हा या गोष्टीतला सोपा भाग. अवघड भाग आहे तो इंधन दरवर्षी, ठरल्या प्रतीचे, परवडेल अशा भावाने दारात येण्याचा.

दादाच्या घराला एका हिवाळ्यात तीन टन लागतात. टनाच्या ५० पिशव्या, म्हणजे दीडशे. पावसाळी वाऱ्याने भिजली तर कांडी फुगून पुन्हा भुसा होते, म्हणून त्या गॅरेजमध्ये, फळ्यांच्या पॅलेटवर, प्लास्टिक गुंडाळून. हंगामाच्या आधी ऑर्डर दिली तर भाव कमी असतो; त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागल्या असताना, ट्रक येतो आणि फोर्कलिफ्ट तिन्ही पॅलेट उतरवते. मग हिवाळाभर एकेक पिशवी आत. आता १८ किलो एकदम उचलणे जड जाते म्हणून वहिनी बादलीने अर्धी-अर्धी आणतात. पिशवी कुठल्या कारखान्याची, तळाशी चुरा किती, राख किती पडली, यावर शेजारीपाजारी चर्चा चालते. कठीण लाकडाचे पेलेट जास्त तापतात अशी तिथे ठाम समजूत आहे. वजनाला वजन धरले तर राळ असलेल्या मऊ लाकडाचे पेलेट थोडे जास्तच तापतात आणि राखही कमी सोडतात. डग्लस फरच्या पेलेटला लोक जादा पैसे मोजतात ते उगाच नाही.

हिशेब असा. एक टन पेलेटमध्ये साधारण १२० गॅलन तेलाइतकी उष्णता. पेलेट ३३० डॉलर टन असतील आणि तेल पावणेतीन डॉलरला मिळत असेल, तर दोन्ही सारखेच. तेल त्यावर गेले की पेलेटवाल्याचा फायदा, खाली आले की त्याची मेहनत फुकट. २०१३-१४च्या कडक हिवाळ्यात तेल महाग होते आणि न्यू इंग्लंडमध्ये पेलेट मिळेनासे झाले. लोक गाडी घेऊन या गावाहून त्या गावाला फिरत, दुकाने माणशी ठरावीक पिशव्या देत. दोनच वर्षांनी हिवाळा सौम्य आला, तेल कोसळले, आणि तेच कारखाने पाळ्या कमी करू लागले. कारखानदाराची अडचणही खरी. भुसा हा त्याच्यासाठी दुसऱ्याच्या धंद्याचा उरलेला भाग. घरबांधणी थंडावली की आरागिरण्या कमी फळ्या कापतात, भुसा आटतो. उलट मेनमधल्या कागद गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, मिलिनॉकेट, बक्सपोर्ट, मॅडिसन, जे, तेव्हा आरागिरण्यांपुढे छिलक्यांचे करायचे काय हा प्रश्न आला आणि त्यातला काही माल पेलेटकडे वळला. एकेकाळी दात कोरायच्या काड्यांसाठी देशभर नाव असलेल्या स्ट्राँग नावाच्या गावात पुढे पेलेटचा कारखाना आला. त्या गावाला लाकडावर जगता येते ते अजून काही प्रमाणात टिकून आहे, आणि तेलाच्या बिलातला डॉलर राज्याबाहेर जातो तसा पेलेटचा जात नाही. हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते.

युरोपने या इंधनाला जास्त शिस्त लावली. २०१० साली तिथे ईएनप्लस हे प्रमाणपत्र सुरू झाले: पहिल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांच्या आत, ओलावा दहाच्या आत, पिशवीवर उत्पादकाचा क्रमांक. ऑस्ट्रिया-जर्मनीत पेलेट टँकरने येतात आणि नळीने तळघरातल्या कोठीत फुंकून भरतात. या कोठीत हवा खेळती ठेवणे जिवावरचे आहे. ताज्या पेलेटमधली मेदाम्ले हवेशी संयोग पावताना कार्बन मोनॉक्साइड सोडतात, आणि बंद कोठीत उतरून माणसे दगावली आहेत. इटलीत वीस लाखांहून अधिक पेलेट शेगड्या आहेत आणि बहुतेक इंधन बाहेरून येते. त्यामुळे २०२२ साली रशिया आणि बेलारूसचा माल बंद झाला तेव्हा तिथल्या घरांना जो फटका बसला, तो तेलाच्या फटक्याहून वेगळा नव्हता. जर्मनीत त्या उन्हाळ्याच्या अखेरीस टनाचा भाव साडेसातशे युरोच्या आसपास पोचला, आदल्या वर्षीच्या तिप्पट. इटलीच्या सरकारने पेलेटवरचा २२ टक्के कर २०२३साठी १० टक्क्यांवर आणला. लाकूड जवळच्या रानातले असेल तर ते आधार देते. जहाजातून आणि सीमा ओलांडून यायला लागले की ते बाजारातले आणखी एक इंधन होते.

धुराची बाजूही नीट बघायला हवी. मॉन्टानातल्या लिबी या खोऱ्यातल्या गावात २००५ ते २००७ या काळात हजाराहून अधिक जुन्या चुली बदलून नव्या, कमी धुराच्या शेगड्या बसवल्या, त्यांत पेलेटच्याही होत्या. हिवाळ्यात हवेतले सूक्ष्म कण जवळपास ३० टक्क्यांनी उतरले. म्हणजे सुधारणा खरी. पण पेलेट स्टोव्ह धूर सोडतच नाही हे खरे नाही, आणि दाट वस्तीत मी त्याची शिफारस करणार नाही. तिथे विजेवर चालणारा हीट पंप बरा. मेननेच एक लाख हीट पंप बसवायचे ठरवून ते उद्दिष्ट २०२३ साली, मुदतीच्या दोन वर्षे आधी गाठले. दादाच्या गावातही नवीन घरांत तेच बसतात.

जंगलाबद्दल लोक विचारतात तेव्हा दोन गोष्टी एकत्र करतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्सचे वीजकेंद्र वर्षाला लाखो टन पेलेट जाळते, त्यांतले पुष्कळसे अमेरिकेच्या दक्षिणेकडून जहाजाने येतात. तिथे प्रश्न भुशाचा उरत नाही, उभ्या झाडांचा होतो. आणि लाकडाच्या उष्णतेतला मोठा हिस्सा वीज करताना वाया जातो. या व्यापारातली सर्वांत मोठी उत्पादक एन्व्हिवा मार्च २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली. आरागिरणीचा भुसा शंभर किलोमीटरच्या आत घरी नेऊन त्यातली तीन-चतुर्थांश उष्णता खोलीत उतरवणे आणि अटलांटिकपार वीजकेंद्रात जाळणे, या दोन गोष्टींना एकाच तराजूत घालणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्याला मी पाठिंबा देईन, दुसऱ्याला नाही.

महाराष्ट्रात घर तापवायची गरज नाही, पण भुसा जाळायची रीत आपल्याला परकी नाही. वखारीतून पोत्याने भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून दुसरी आडवी घालायची आणि भोवती भुसा ठासून भरायचा. बाटल्या अलगद काढल्या की हवेला वाट तयार. आंघोळीच्या पाण्यापासून आमटीपर्यंत सगळे त्या भुशाच्या शेगडीवर व्हायचे. ठासणे सैल झाले की ती ढासळायची आणि धुराने डोळे चुरचुरायचे. पुढे भुसा, शेंगांची टरफले, उसाचे चिपाड, विदर्भात पऱ्हाटी दाबून पांढरा कोळसा निघायला लागला, तो कारखान्यांच्या बॉयलरसाठी.

आणि घरासाठी पेलेट? तेही झाले, आणि पुण्यातून झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने घडवलेली, बॅटरीच्या छोट्या पंख्यावर चालणारी 'ऊर्जा' शेगडी बीपी या तेल कंपनीने २००६ साली बाजारात आणली. २००९पासून ती पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आली. शेतातल्या उरल्यासुरल्या मालाचे पेलेट भरले की ती साधारण तासभर निळसर, स्वच्छ ज्वाळेने जळे. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मुख्यतः, चार लाखांच्या आसपास शेगड्या विकल्या गेल्या. धुराने काळवंडलेल्या भिंतींच्या स्वयंपाकघरांत हे मोठे काम होते. पण पेलेट ज्या मालातून व्हायचे त्याला गिऱ्हाइके वाढली. साखर कारखाने चिपाडावर वीज करू लागले, बॉयलरवाले टरफलांना जास्त भाव देऊ लागले. पेलेटचा भाव चढत गेला, शेजारी अनुदानाचा सिलिंडर होता, आणि बायकांनी पेलेट घेणे सोडले. शेगडी धड होती; जळणाशिवाय ती माळ्यावर गेली.

कंपनी पुढे हॉटेले आणि कँटीनकडे वळली. कँटीन महिन्याला टनाने माल घेते, भाव लिहून ठरवते, मागच्या अंगणात पोती रचून ठेवते. न्यू हॅम्पशायरमध्ये दादा उन्हाळ्यात तेच करतो: भाव ठरवतो, दीडशे पिशव्या रचतो, प्रत तपासतो. खेड्यातल्या घराला मात्र आठवड्याला पाच किलोची पिशवी वाण्याकडे हवी असते, पावसातही कोरडी आणि मागच्या आठवड्याच्या भावाने. आता देशात औष्णिक केंद्रांना कोळशात पेलेट मिसळणे बंधनकारक झाले आहे. नवे कारखाने त्या मागणीवर उभे राहत आहेत आणि त्यांचा माल थेट वीजकेंद्रांकडे जातो. त्यातला ठरावीक हिस्सा, ठरल्या राखेचा आणि ओलाव्याचा, गावच्या दुकानासाठी राखून ठेवा, असे म्हणणारे अजून कोणी पुढे आलेले मला दिसलेले नाही. माळ्यावरच्या शेगड्या खाली काढायच्या असतील तर पहिली मागणी ती करावी लागेल.